मिरीएवढं मलम

आमच्या घरात आरसा एकच होता आणि तो अण्णांच्या दाढीसाठी होता. पडवीच्या खांबाला खिळ्यावर टांगलेला, वीतभर, वरच्या कोपऱ्यातला पारा उडालेला. त्यामुळे बघणाऱ्याचं कपाळ नेहमी अर्धंच दिसे. बायकांनी त्यात बघायचं ते जाता-येता. त्याच्यापुढे थांबलेली बाई म्हणजे काम चुकवणारी बाई, असं आईचं ठाम मत होतं, आणि आईची मतं बदलत नसत. सतरा वर्षांची होईपर्यंत मला त्या आरशाची गरजही पडली नाही. मग माझ्या गालांवर मुरुम उठले, आधी चार, मग मोजायचं सोडून द्यावं इतके, आणि पडवीचा केर काढायला मी इतक्या आवडीने पुढे येऊ लागले की आईला वाटलं, पोरीला एकदाचं घरकामाचं वळण लागलं.

आमचं गाव आचऱ्याच्या शेजारचं, घर खाडीच्या काठापासून हाकेच्या अंतरावर. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर. शाळेत ते शुद्ध बोलत, घराच्या पायरीवर वहाणा काढल्या की मालवणीत शिरत. अण्णा, आई, मी आणि अण्णांची धाकटी बहीण द्वारका आत्या, एवढीच माणसं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी आत्याचा नवरा वारला आणि तिला माहेरी आणलं. मला आठवतं तेव्हापासून ती आमच्याकडेच. माझ्या सतराव्या वर्षी ती चौतिशीची असेल, पण मला म्हातारीच वाटे, कारण घरात सगळे तिच्याशी तसंच वागत. पहाटे तिच्या मुसळाचा आवाज, मग चुलीवर उकड्या तांदळाच्या पेजेची रटरट, मग कोंबड्यांशी चाललेला तिचा वाद, अशी आमची सकाळ उजाडे. पेजेबरोबर तिच्या हातचं सुक्या गोलम्याचं, म्हणजे बारीक जवळ्याचं, खोबरं घातलेलं किसमूर खाता खाता अण्णांना शाळेला उशीर होई, आणि मग ते पोरांना वक्तशीरपणावर बोलत. आत्याच्या दोन्ही गालांवर वांगाचे तपकिरी डाग होते, शेतातल्या उन्हाने दर वर्षी थोडे गडद होणारे. त्यांविषयी घरात कधी कोणी बोललं नाही. विधवेच्या गालावर काय आहे, हा विषयच नव्हता.

माझे गाल मात्र सगळ्यांचा विषय होते. मसुरीचं पीठ झालं, दुधात उगाळलेलं जायफळ झालं, कडुनिंबाचा पाला झाला. पायाच्या भेगांना लावतात ते कोकमाचं मुठेल आत्याने एकदा हौसेने माझ्या तोंडाला चोळलं. मुरुम तुकतुकीत दिसू लागले, एवढाच फरक. हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण त्याच सुमाराला देवगडाकडची माणसं मला बघून गेली आणि पंधरा दिवसांनी त्यांचं पोस्टकार्ड आलं. मुलगी कामसू आहे, चेहऱ्याचं काही औषधपाणी करावं, तूर्त योग दिसत नाही. पोस्टकार्ड असल्यामुळे ते आमच्या आधी पोस्टमनने वाचलं होतं आणि वाटेत लागणाऱ्या चार घरांना सांगितलंही होतं. मला रडू आलं ते नकाराचं नव्हे. त्या माणसाला मी धड पाहिलंही नव्हतं. माझे गाल टपालाने गावभर फिरले, याचं आलं.

अण्णा मला मालवणला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर मुंबईला शिकून आलेले, बोलायला तुसडे. माझी हनुवटी धरून त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं आणि मग चिठ्ठी लिहिता लिहिता सांगितलं, "हे रात्री झोपताना लावायचं. काळ्या मिरीएवढं. सगळ्या तोंडाला मिळून मिरीएवढं, एकेका मुरुमाला नव्हे. सकाळी धुऊन टाकायचं. उन्हात जायचं नाही. पहिला महिना तोंड आणखी वाईट दिसेल, साल निघेल, तेव्हा माझ्या नावाने बोटं मोडू नका. दोन महिने एकही रात्र चुकवायची नाही."

"म्हणजे मग तोंड साफ होईल?" अण्णांनी आपल्या शाळेतल्या मराठीत विचारलं.

"मुरुम कमी होतील. खड्डे पडलेत ते राहतील. नशीब माझ्या दवाखान्यात मिळत नाही."

कंपाउंडरने खलात घोटून चिनी मातीच्या डबीत पिवळट मलम भरून दिलं. त्यात साल काढणारं आम्ल होतं आणि जीवनसत्त्व अ म्हणून मोरी माशाच्या काळजाचं तेल. मोरी म्हणजे लहान शार्क, तीच, जिचं कालवण आम्ही खात होतो आणि जिच्या काळजाचं तेल तोंडवलीचे मासेमार होड्यांच्या लाकडाला फासत होते. आमच्याच किनाऱ्यावरून ते शहरात गेलं, तिथे शुद्ध झालं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पुन्हा आमच्याकडे आलं. वास तेवढा जाताना होता तसाच घेऊन आलं. आत्याने डबी उघडली आणि नाकाला पदर लावला. "ह्या तेल लावन होडी पाण्यात घालतत," ती अण्णांना म्हणाली, "चेडवाक खंय घालतास?" चेडू म्हणजे मुलगी, अर्थात मी.

माझ्या नातीच्या टेबलावर हल्ली अशीच एक ट्यूब असते, त्वचेच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली. तिच्यात त्याच जीवनसत्त्वाचं कुणी नातलग असतं, रेटिनॉइड म्हणतात, आमच्या तेलापेक्षा पुष्कळ जोरकस आणि बिनवासाचं. सोबतचा घडीचा कागद मी भिंग घेऊन वाचला. रात्री लावा, वाटाण्याएवढं घ्या, ऊन टाळा, सुरुवातीला त्रास वाढेल, दोन-तीन महिने धीर धरा, खोल व्रण जातीलच असं नाही. साठ वर्षांत विज्ञानाने मिरीचा वाटाणा केला. एक ओळ मात्र मला नवी होती: दिवस राहिले असतील किंवा राहायला हवे असतील तर लावू नका. आमच्या वेळी मलम लावायचं ते लग्न जुळावं म्हणून, आणि लग्न झाल्यावर चेहऱ्याकडे बघायला कोणाला सवड होती! नात म्हणते, "आजी, तूही लाव, हे सुरकुत्यांनाही देतात." मी म्हटलं, "माझ्या सुरकुत्या आता कोणाच्या लग्नाआड येत नाहीत."

तर डॉक्टरांनी सांगितलं तसंच झालं. पहिल्या पंधरवड्यात माझ्या नाकाची साल उकडलेल्या बटाट्यासारखी निघाली, गाल लालभडक झाले आणि दबा धरून बसलेले मुरुमही वर आले. आई डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडू लागली. आत्याचा टोमणा रोजचा होता. "मिरयेएवढा लावन काय जाता गो? हळद लावतंव ती सुद्धा मूठभर लावतंव." पण महिना होत आला आणि एका सकाळी केर काढताना माझ्या लक्षात आलं की आठ दिवसांत नवा मुरुम उठलेला नाही. मी केरसुणी हातात घेऊन त्या अर्ध्या कपाळाच्या आरशापुढे उभी राहिले आणि आईने हाक मारेपर्यंत हलले नाही. त्याच आठवड्यात खारेपाटणचं स्थळ आलं. मुलगा कचेरीत कारकून, माणसं खाऊनपिऊन सुखी. यायचा दिवसही ठरला. दुसरा नकार आला तर या पोरीत काहीतरी खोट आहे असं पंचक्रोशीत होणार, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

आणि देवाने गावपळणीचा कौल दिला. आमच्याकडच्यांना हे सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगते. काही वर्षांनी एकदा कौल झाला की सगळं गाव तीन दिवस तीन रात्री शिवेबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, तान्ही पोरं, अंथरुणाला खिळलेले म्हातारे, सगळे. घरं तशीच सोडायची, पलीकडे माळावर माडाच्या झावळ्यांच्या झोपड्या घालायच्या. त्या दिवसांत गावात माणसाने पाऊल टाकायचं नाही. तिथे तेव्हा दुसऱ्यांची वस्ती असते. तीन दिवसांनी मानकरी तेवढे देवळात जाऊन पुन्हा कौल लावतात, आणि उजवा कौल झाला की गाव परत येतं. अण्णा वर्गात भुताखेतांचा फोलपणा समजावून सांगत, पण माळावर सगळ्यात आधी वासे उभे राहत ते आमच्या झोपडीचे. कोणी विचारलंच तर म्हणत, "हवापालट. प्रकृतीक बरो." पाहुणे यायचे होते ते गाव परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी. निघायच्या गडबडीत मी कोंबड्यांची टोपली डोक्यावर घेतली, आईने पिठाचा डबा घेतला, आणि मलमाची डबी स्वयंपाकघराच्या फळीवर राहिली.

इतरांना गावपळण म्हणजे जत्रा वाटते आणि ती असतेही. आईसारखी बाई, जिला मी दिवसा कधी पाय पसरून बसलेली पाहिली नव्हती, ती झोपडीच्या दारात बसून शेजारणींशी गप्पा मारत होती. पोरं ओहोटीला खाडीत तिसऱ्या शिंपल्या वेचत होती, तीन दगडांच्या चुलींवर त्यांचंच सार उकळत होतं, कुठे भजन, कुठे पत्त्यांचा डाव. माझं मात्र कशातही लक्ष नव्हतं. झावळ्यांतून ऊन गळत होतं आणि माझी साल निघालेली कातडी चुरचुरत होती. पहिली रात्र चुकली होती. आणखी दोन चुकणार होत्या. देव मोठा की डॉक्टर मोठे, याचा निकाल मी दुसऱ्या दिवशी दुपारी लावला. सगळे जेवून पेंगत होते. आत्या झोपडीत नव्हती. ती सरपणाला गेली असेल असं मी धरून चालले. डोक्यावरून पदर घेतला, ओहोटीला खाडीचं पाणी गुडघ्यापर्यंत होतं, आणि मी चालू लागले.

रिकामं गाव मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं आणि पुढेही पाहिलं नाही. कुत्रं नाही, कोंबडा नाही, विहिरीवर रहाटाची कुरकुर नाही. ओल्या लुगड्याची फडफड मला माझ्याच मागून येणाऱ्या कोणाची तरी वाटत होती. मी घाबरले होते, अगदी साफ घाबरले होते. अण्णांनी भुतांविषयी वर्गात दिलेली सगळी कारणं मला पाठ होती आणि त्यांतलं एकही त्या वेळी आठवेना. आमच्या पडवीत पोचले तर खांबावर नुसता खिळा. आरसा नव्हता. मागे स्वयंपाकघरात भांडं वाजलं. मी ओरडले कशी नाही, मला माहीत नाही. पळायला पाय उचलतच नव्हते, म्हणून आत डोकावले.

मागच्या दाराच्या उजेडात आत्या बसली होती. आरसा पाट्यावर वरवंट्याला टेकून ठेवलेला, माझी डबी मांडीत. तिने करंगळीच्या टोकावर मलम घेतलं, ते जास्त झालं असं वाटून थोडं डबीच्या कडेला पुसलं, आणि मग गालावरच्या डागावर इतक्या हलक्या हाताने लावलं की तिचे ते कांडून कांडून घट्टे पडलेले हात तिचेच आहेत यावर माझा विश्वास बसेना.

"आत्ये!"

ती दचकली, पण डबी सोडली नाही. "तू कशाक इलंस गो हय? शीव ओलांडून? येडी की काय तू?"

"डबी रवली माझी. आणि तू?"

तिने तोंड माझ्याकडे वळवलं, उजेडात धरलं. "महिनोभर लावतंय. तुझ्याच डबीतला. रोज मिरयेएवढाच. वांग मातसो फिको झालो काय, बघ."

मी बघितलं. फिका झाला होता की नव्हता, आजही सांगता येणार नाही. "झालो," मी म्हटलं. आणि मग सतराव्या वर्षी माणूस जितकं निर्दय असू शकतं तितक्या सरळपणे विचारलं, "पण आत्ये, तुका कोण बघूक येतला?"

तिने बोट पदराला पुसलं. रागावली नाही. "कोण येवचो नाय," ती म्हणाली. "मी बघतंय मां."

तिने उठून आरसा खिळ्यावर टांगला, डबी कनवटीला खोचली आणि पुन्हा घरातली आत्या झाली. "पाणी वाढता हा, तू बेगीन जा. मी काजींतसून इलंय, तशीच मागसून येतंय. आणि तू हय इल्लंस ता कोणाक सांगू नको. तुका बघूक येतले हत."

चौथ्या दिवशी सकाळी मानकरी देवळातून परतले ते पडलेल्या तोंडाने. कौल डावा झाला होता. देव परत यायला सांगत नव्हता. माळावर सगळं गाव गोळा झालं. एक मासेमार पुढे आला आणि म्हणाला, "परवा दुपारी खाडयेत एक बायल बघलंय. गावातसून येय होती. डोक्यार पदर होतो, कोण ता समाजला नाय." मुख्य मानकऱ्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "कोण गेल्ला ता आताच सांगा. नायतर देव काय आमका घरात घेवचो नाय." मी आईला खेटून बसले होते. आता उठते, असं मी मनात म्हणाले. आता उठते. आणि बायकांच्या घोळक्यातून आत्या उठली.

"मी गेललंय," ती म्हणाली. "चेडवाचा औषध हाडूक." आणि कनवटीची डबी काढून तिने सर्वांना दाखवली. खाडीच्या पाण्यात तिने पाऊलही घातलं नव्हतं. ती काजूच्या बागेतून गेली आणि तिथूनच आली. हे माळावर दोघींनाच माहीत होतं.

अण्णांनी हात जोडले आणि कचेरीत बोलावं तसं शुद्ध मराठीत म्हणाले, "माझी बहीण अडाणी आहे. पदरात घ्या." ज्यांनी मला चंद्रग्रहण कंदील आणि चेंडू घेऊन समजावलं होतं, तेच हे अण्णा. आत्याने देवळाच्या दिशेने जमिनीवर नाक घासलं. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला, मुक्काम दोन दिवसांनी वाढला. अण्णांनी डबी खाडीत भिरकावली. मी बसलेलीच होते.

पाहुणे ठरल्या दिवशी आले, तर गावात चिटपाखरू नाही. शोधत शोधत माळावर पोचले. त्यामुळे मला त्यांनी माजघराच्या अंधारात, बेताच्या उजेडात नाही, तर भर उन्हात झोपडीपुढे बसवून पाहिलं. गाल सोललेले, नाक लाल. मुलाच्या आईने माझी हनुवटी धरली आणि मी डोळे मिटले. "आमच्या धाकटीचं असंच होतं," ती सहज म्हणाली. "जातं वयाबरोबर." बस्स, एवढंच. ज्या चेहऱ्यासाठी डॉक्टर, आम्ल, मोरी आणि देवाची शीव खर्ची पडली होती, त्याच्यावर त्या बाईने एक वाक्य टाकलं आणि ती पोह्यांकडे वळली. मग तिने विचारलं, गाव अजून बाहेर कसं? आमच्या शेजारणीने मोठ्या उत्साहाने सांगितलं. मुलाच्या आईने बशी खाली ठेवली.

त्यांचंही पोस्टकार्डच आलं. मुलगी पसंत आहे, परंतु देवाधर्माच्या बाबतीत घरचं वळण पाहता योग नाही. आईने ते आत्यापुढे टाकलं. "वन्सं, माझ्या चेडवाचा वाटोळा केलास तुमी!" आत्या सुकी गोलमी निवडत बसली होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. "होय गो वयनी," ती म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली.

लग्नाचं बघायचं म्हणजे आता दूरचं बघावं लागणार आणि त्याला वेळ लागणार, म्हणून अण्णांनी मला तोवर शिक्षिकेच्या ट्रेनिंगला पाठवलं. तिथे वर्षभरात माझे मुरुम गेले. मलमाने की वयाने, कोण जाणे. मी मास्तरीण झाले, पुढे मनासारखं लग्न झालं, आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना खरं बोलायला शिकवलं. आत्याचा वांग त्याच वर्षीच्या शेतकापणीत पुन्हा गडद झाला. पुष्कळ वर्षांनी, ती थकल्यावर, मी शहरातून तिच्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेलं चांगलं मलम नेलं. तिने ते उलटसुलट करून बघितलं आणि हसली. "आता कशाक गो? आता आरशात माका दिसता खंय?" त्या दिवशी तरी घरातल्यांपुढे बोलायचं असं ठरवून गेले होते. नाही बोलले.

आमच्या नात्यात आजही लग्नकार्यात हा किस्सा निघतो. द्वारका आत्याने गावपळण मोडली आणि कुंदाचं, म्हणजे माझं, लग्न मोडलं; सगळे हसतात, मीही हसते. तिचं आरशापुढचं गुपित फुटू नये म्हणून मी गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगत आले. पण ते फुटू न देताही मला उठून उभं राहता आलं असतं. आज ते गुपितही फोडते आहे, आणि त्याला तिची परवानगी नाही. ती हयात असती तर हे लिहायचं धाडस मला झालं असतं का, याची खात्री नाही. त्या दुपारी खाडीत दिसलेली बाई मी होते.